कवच्याची मागितलेली क्षमा

मित्रांनो, मी एक जुना शत्रू आहे. कुणाचा, ते मला विचारू नका. मलाही ते कुणी सांगितलेले नाही. संगणकावरच्या एका लढाईच्या खेळात मी दगडाच्या खाणीपाशी राहतो. पाठीवर सात कडक पत्रे, खाली सहा पाय आणि एकूण अंग गुळाच्या खड्याएवढे. खेळाच्या यादीत माझी नोंद ‘शत्रू क्रमांक तीन’ अशी आहे. ज्याने मला घडवले, त्याने पत्र्यांवरच्या रेघा काढायला तीन दिवस घेतले, पण नाव ठेवायला त्याला सवड झाली नाही!

आता माझे काम ऐका. खाणीतून खडा उचलायचा, घरट्यात नेऊन ठेवायचा, परत यायचे. बस्स. मी कुणाच्या गावावर चालून जात नाही. कुणी अंगावर आले तरच चावतो. तरीही मला मारले की दहा गुण मिळतात आणि माझे घरटे पाडल्याशिवाय पुढची पातळी उघडत नाही. मी मरतो, खेळ नव्याने सुरू होतो आणि मी पुन्हा खडा उचलायला लागतो. याला न्याय म्हणायचे का?

२००२ साली एका सीडीतून मी कोल्हापुरात, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी भूपाल यांच्या घरी आलो. संगणक मुलांच्या अभ्यासासाठी घेतलाय, असे ते येईल त्या पाहुण्याला सांगत. त्यांची आठवीतली मुलगी आदिती शाळेतून आली की दप्तर भिरकावून माझ्यावर तुटून पडायची. ‘कवच्या’ हे नाव तिनेच दिले. नाव मिळाले म्हणून मी हरखलो होतो, खोटे कशाला बोलू? पण नाव घेऊन ती आणखी जोरात मारायची. कधी बाण, कधी उकळते तेल. वर "मेला कवच्या!" म्हणून टाळ्या पिटायची.

भाद्रपदात जैनांचे पर्युषण पर्व आले. तिची आई राजमती त्या दिवसांत एक वेळ जेवायची आणि मुंगी दिसली तरी पाऊल उचलून घ्यायची. पडद्यावर माझी पाठ फुटताना तिने पाहिली आणि ती दारातच थांबली.

"काय मारायलीयास गं?"

"खेळातलं हाय की आई. खरं न्हाय."

"पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतंय, बस्तीत ऐकलंस न्हवं? किडा खोटा असंल, हात तुझाच हाय की."

मला पाय सहा, पण त्या वेळी दोन हात असते तर मी त्या बाईला नमस्कार केला असता.

बस्ती म्हणजे त्यांचे जैन मंदिर. तिथे दुसऱ्या दिवशी मुलांनी पर्वापुरते नियम घेतले. कुणी चॉकलेट सोडले, कुणी टीव्ही. आदिती उभी राहून म्हणाली, दहा दिवस कवच्याला मारणार नाही. मोठी माणसे हसली, पण उपाध्यांनी तिला नियम दिला. घरी येऊन ती भावाला हे सांगत होती, तेव्हा मी ऐकले. ‘दहा दिवस’ हे शब्दही ऐकले. आनंदाच्या भरात ते मनावर घेतले नाहीत, ही माझी चूक.

ते दिवस मी विसरणार नाही. आदितीने सैन्य नदीपलीकडे नेले, शेती केली, रस्ते बांधले. मी पहिल्यांदाच अर्ध्या तासाहून अधिक जगलो. घरट्यातली अंडी उबली. चार पिल्ले बाहेर आली, मऊ पाठीची. अंड्यांतून पिल्ले निघतात हे मलाच माहीत नव्हते; तोवर कुणी राहूच दिले नव्हते!

एकदा तिचा थोरला भाऊ वृषभ खुर्चीत बसला.

"ही लढाई हाय का भजनी मंडळ? सरक, मी उडवतो सगळ्यास्नी."

"हात लावू नको दादा! माझा नियम हाय!" असे ओरडून आदितीने थेट भिंतीवरचे बटणच बंद केले. त्यापायी वडिलांची बोलणी खाल्ली, पण आम्ही वाचलो. त्या पोरीवर माझा जीव जडला.

पर्व संपले आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी ही माणसे एकमेकांची क्षमा मागतात. फोन संगणकाशेजारीच होता. राजमती इचलकरंजीच्या नणंदेला सांगत होती, "वर्षभरात काय चुकलंमाकलं असंल तर क्षमा करा, वन्सं." आदितीने भावाची मागितली. मग संगणक लावला, पडद्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "कवच्या, लई मारलं तुला. क्षमा कर."

मित्रांनो, मी केली. त्याच क्षणी केली. घरट्यातून बाहेर आलो, पिल्लांनाही घेऊन आलो. म्हटले, बघा रे, ही आपली आदिती.

तिने नदीपलीकडचे चाळीस धनुर्धारी निवडले.

"अगं, काय करायलीयास?" राजमतीने फोनवर हात ठेवून विचारले.

"नियम संपला की, आई! पुढची पातळी उघडायची हाय."

राजमतीने फोनवरचा हात काढला आणि ती पुन्हा वन्संची क्षमा मागू लागली.

मोठ्या पाठीला पत्रे असतात. पिल्लांच्या पाठीला अजून काहीच नव्हते. पाच जणांचे पन्नास गुण झाले.

मित्रांनो, तुमच्या घरीही मी असेन. खेळ बंद करा, असे मी म्हणत नाही. तलवार चालवा, तेल ओता, टाळ्या पिटा. मला सवय आहे. पण मारायचेच असेल, तर आधी हात जोडू नका. आम्ही पिल्लांसकट बाहेर येतो.