काट्याच्या कडेवरचा पाय

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे, विमानतळाचा! विमानतळ म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. डोंगरापलीकडे असाच एक चिमुकला विमानतळ आहे. विमानानं तिथे चाळीस मिनिटांत पोचता येतं. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा घालत दोन दिवस.

विमान नऊ प्रवाशांचं. म्हणून सामानाबरोबर माणसांनाही माझ्यावर उभं करतात. समोरून वारा असला की इंधन जास्त लागतं आणि तेवढं वजन खाली ठेवावं लागतं. माणसं माझ्यावर चढली की श्वास रोखतात, पोट आत घेतात. पोट आत घेऊन वजन घटतं, असं यांना कुणी सांगितलं कोण जाणे!

माझी देखभाल ताईंकडे होती. रोज सकाळी त्या मला पुसायच्या, शून्यावर आहे ना ते बघायच्या आणि शेजारी स्टुलावर बसायच्या. गुडघा दुखतो म्हणून एक पाय माझ्या कडेवर टेकवायच्या. मी आपला पडेल ते वजन दाखवायचो.

ढेरीवाले काका मात्र दर खेपेला कुरकुरायचे, "घरच्या काट्यावर एवढं भरत नाही हो!"

"घरचा काटा तुम्हाला घाबरतो," ताई म्हणायच्या.

एकदा समोरून जोराचा वारा होता. बेरीज वीसेक किलोंनी जास्त भरली. सगळ्यांत शेवटी तिकीट काढणाऱ्यानं मागे राहायचं, असा इथला नियम. ती एक तरुण मुलगी होती. तिची आई पलीकडे दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी 'आजच या' म्हणून कळवलं होतं.

"पिशवी ठेवते इथेच. चपलाही ठेवते," ती म्हणाली.

"तेवढ्यानं काय होणार गं पोरी?" ताईंनाही बघवेना.

काका पुढे आले. "मी राहतो मागे. पण आधी पुन्हा तोला. त्या आकड्यावर माझा विश्वास नाही."

ते चढले. ढेरीच्या आडून आकडा दिसेना, म्हणून बाजूला वाकले.

"ताई, हा पाय कुणाचा?"

ताईंनी चटका बसल्यासारखा पाय उचलला. माझा काटा चार किलो मागे आला. मग सगळ्यांना पुन्हा तोललं आणि नऊच्या नऊ माणसं विमानात बसली. "एवढी वर्षं रात्रीचं जेवण उगाच सोडलं!" असं बडबडत काका सगळ्यांत शेवटी चढले.

आठवड्यानं मुलगी परतली.

"भेट झाली?" ताईंनी विचारलं.

"झाली. संध्याकाळपर्यंत बोलत होती माझ्याशी."

ताईंनी मान हलवली. त्यांचे दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते. त्या एका पायापायी आधी किती जण दोन दिवसांच्या रस्त्याला लागले असतील, हे त्या कधी बोलल्या नाहीत. गुडघा दुखायचा, तरी पाय पुन्हा माझ्यावर टेकवला नाही.

आता ताई निवृत्त झाल्यात. लाल आकडे दाखवणारा नवा काटा आलाय आणि मी कोपऱ्यात कुंडी घेऊन उभा आहे. तक्रार नाही, कुंडी निदान श्वास रोखत नाही. उद्या भंगारात घालायचं तर खुशाल घाला. फक्त त्या नव्या काट्याशेजारी स्टूल ठेवू नका.