नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरचे वाटे

मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी, ते मलाही सांगता येणार नाही. मोजणारं कुणी नव्हतं, तेव्हाही मी होतेच. ९९७३. चार आकडी मूळ संख्यांमध्ये सगळ्यांत थोरली. एकाने किंवा माझ्यानेच भागलं तरच मला पूर्ण भाग जातो. बाकी कुणीही आलं की त्याच्या हातावर थोडी बाकी ठेवून परत पाठवते. हा गर्व नाही, मित्रांनो, घडणच तशी आहे.

माणसांच्या उपयोगी पडले ती १९९७ साली, बोरी बुद्रुकच्या यमाजीच्या टेम्पोच्या नंबरपाटीवर. भावाशी नुकतीच वाटणी झाली होती. मेंढरं निम्मी गेली, जुना टेम्पो तेवढा त्याच्याकडे आला. बेल्ह्याच्या बाजारात गेणभाऊ व्यापारी पाटी बघून हसला.

"यमाजीराव, लई मोठा नंबर हाय. ह्याचे बी वाटे पडणार बघा!"

यमाजीला ते लागलं. त्याची मुलगी रोहिणी दहावीला गणितात नापास झालेली. पुन्हा बसायच्या फॉर्मची मुदत शनिवारी संपत होती आणि यमाजी सही करत नव्हता. घरी येऊन म्हणाला, "ह्या नंबराचे सारखे वाटे पडत्यात का, सांग. पडत नसतील तर पटवून दे. मग सही."

रोहिणी वही घेऊन टेम्पोत बसली. दोन, तीन, पाच, सात... फक्त मूळ संख्या. दोनाने भाग गेला नाही तर चाराने कुठून जाणार? तेराशी मी मोडल्यासारखी दिसले. यमाजीचा चेहरा उतरला. मग तिने पाहिलं, शेवटच्या पायरीला तेरा साते त्र्याण्णव लिहिले होते. एक्क्याण्णव केल्यावर बाकी दोन उरली. हाच पाढा तिला परीक्षेत नडला होता. शेवटी सत्त्याण्णव. बाकी एकोणऐंशी. तिने वही मिटली.

"आन् शंभराच्या म्होरलं कोण बघणार? गेणभाऊ?" यमाजीने विचारलं.

शंभराच्या आतच थांबायचं, हा नियम रोहिणीला पाठ होता, कारण ठाऊक नव्हतं. तिची आई बानूबाई लोकर पिंजत होती. शाळा तिने पाहिली नव्हती, पण जन्मभर वाडग्यात मेंढरं कोंडली होती.

"अवो, मेंढरं समजा. शंभराच्या वर वाडगी केली, तर एकेका वाडग्यात शंभराच्या आतच मेंढरं येणार. दोनीकडं शंभर करायचं तर धा हजार लागत्यात. हाईत कुठं? आन् शंभराच्या आतलं समदं पोरीनं बघितलंय की."

यमाजीने फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाला, "पेन आण."

रोहिणीला अडतीस गुण पडले. पुढे ती डिंभ्याच्या शाळेत बाई झाली. २००८ साली टेम्पो भंगारात गेला आणि मी वाडग्याच्या दारावर आले. गंजाने माझा शेवटचा तीन खाल्ला. उरली ९९७, तीन आकडी मूळ संख्यांमधली थोरली! रोहिणीने शाळेतल्या मुलांना आणून भागायला लावलं.

"बाई, एकतीसवरच का थांबायचं?"

"मेंढरं घाला की वाडग्यात," ती म्हणाली, आणि आईकडे बघून हसली.

मित्रांनो, गंज आता साताला लागला आहे. तो गेला की नव्व्याण्णव उरेल, आणि नव्व्याण्णवचे वाटे कुणीही पाडील. तेव्हा बोरीला आलात, तर त्या सातावर रंगाचा एक हात मारून जा.