लालासाबचे बारा चौकोन

नेसरीच्या सरकारी गायरानात लालासाब नदाफाने गवताची खानेसुमारी चालवली होती आणि गावाला त्याची भारी गंमत वाटे. माणसं मोजतात, गुरं मोजतात. पण गवत मोजणारा सरकारी नोकर गावाने पहिल्यांदाच पाहिला होता. शहात्तर साली जंगल खात्याने टेकडीपासून ओढ्यापर्यंत बारा जागा निवडल्या, प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांत चुना फासलेले दगड पुरले आणि वनरक्षक लालासाबच्या हाती एक लोखंडी चौकट दिली. दर साली दसऱ्यानंतर ती चौकट मांडायची आणि आत मारवेल, पवन्या असलं कसदार गवत किती, नुसतं कुसळ किती, ते लिहायचं. त्यावरून सगळ्या गायरानाची तब्येत कळायची. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

लालासाब हे काम इमानाने करी. त्याची टिंगल न करणारं माणूस गावात एकच, ते म्हणजे मल्लव्वा. पन्नाशीची, तीन म्हशींची धनीण, कानडी मुलखातून नेसरीत नांदायला आलेली. ती त्याला ‘तम्मा’ म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. तो तिला आक्का म्हणे. तो उन्हातून आला की ती ताकाचा तांब्या पुढे करी आणि तो रिकामा होईस्तोवर समोरून हलत नसे. एवढा जीव सख्ख्या बहिणीही लावत नाहीत.

चौथ्या वर्षी कोल्हापूरहून हुकूम आला. यंदाच्या मोजणीत गवत विरळ दिसलं तर गायरान पाच वर्षं चराईला बंद. गायरान बंद म्हणजे मल्लव्वाच्या म्हशी बाजारात. पण लालासाबला आशा होती, कारण गेली दोन वर्षं त्याचे चौकोन भरभरून येत होते. आजूबाजूची जमीन उघडी दिसे खरी. पण चौकट खोटं बोलत नाही, असा या भल्या माणसाचा विश्वास!

एरवी तो आधी मल्लव्वाकडे निरोप धाडून जाई. यंदा त्याला धीर धरवेना. दसऱ्याआधीच तो गायरानात गेला, तर पहिल्या चौकोनाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. दुसऱ्यालाही तेच. पाचव्यापाशी मल्लव्वा काठी उगारून स्वतःच्याच म्हशीला हाकलत होती.

“आक्का, ह्ये काय चाललंय?”

मल्लव्वा ओशाळली. “तू यायच्या आधी काटं काढतो की मी दर साली.”

“पर कशापायी?”

“कशापायी म्हंजे? सायेब तुझी परीक्षा घेतोय न्हवं? तुझ्या चौकोनात गवात न्हाय आलं तर नोकरी ऱ्हाईल व्हय तुझी? दोन साल झालं, एका म्हशीला आत तोंड घालू दिलं न्हाय. बाकीच्या गुराख्यास्नीबी दम दिलाय.”

या बाईवर रागवावं की तिच्या पाया पडावं, लालासाबला कळेना. दोन वर्षांची मोजणी मातीत गेली होती. गप्प बसलं तर गायरान चराईला उघडं राहणार होतं आणि म्हशीही दावणीला राहणार होत्या. खरं सांगितलं तर बहिणीच्या पोटावर भावाचाच पाय. पण काट्यांबाहेर बोटभर कुसळ आणि नुसता मुरूम होता. आणखी दोन वर्षांनी म्हशींनी तो मुरूम चाटायचा का?

त्याने तिला कोल्हापूरचा हुकूम, बिघडलेली मोजणी, सगळं सांगितलं. मल्लव्वाने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

“खोटं लिवू नगं, तम्मा,” ती म्हणाली. “माझ्या म्हशींचं मी बघतो.” आणि पदराने डोळे पुसले.

लालासाबने दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून कोल्हापूर गाठलं आणि रेंजर खवरे साहेबांच्या पुढ्यात सगळं ओतलं. साहेब आधी कडाडले, मग स्वतःच बघायला आले. पाचव्या चौकोनापाशी ते थबकले. आत कमरेएवढा मारवेल, बाहेर मुरूम. लालासाबने आतल्या मारवेलाकडे बोट दाखवलं.

“साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन सालाच्या इसाव्यात एवढं उठलंय. मग पाच साल समदंच कशापायी बंद करायचं? तीन वाटं करू. एकेक वाटा दोन साल बंद ठिवायचा.”

“आणि बंद वाटा राखणार कोण?”

“मी हाय की!” मागे उभ्या मल्लव्वाने काठी आपटली. साहेबांना हसू आवरेना.

साहेबांनी वरिष्ठांकडून मंजुरी आणली, पण एक अट घातली. उघड्या वाट्यांतल्या चौकोनांना काटे लावायचे नाहीत. तिथे गुरं चरलीच पाहिजेत, नाहीतर मोजणीला अर्थ नाही.

पुढच्या साली लालासाब चौकट घेऊन आला. बंद वाट्यात वारा गवताला झोपवत होता. उघड्या वाट्यात मल्लव्वाची लाडकी म्हैस पाचव्या चौकोनात शिरली आणि तिने मान खाली घातली. मल्लव्वाचा हात काठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“तम्मा, खातीया बग ही,” ती कळवळून म्हणाली. “तू नापास न्हाय न्हवं व्हणार?”

“न्हाय गं, आक्का. खाऊ दे तिला.”

तरी म्हशीचं खाऊन होईस्तोवर मल्लव्वा चौकोनाकडे पाठ करून उभी राहिली.