कौशल्याचा रकाना

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बाहेरगावाहून आलेल्या कामगारांची पाहणी चालू होती. राजेश्रीचे पावणेदोनशे फॉर्म भरून झाले होते. सोमवारी परभणीला बैठक होती. ज्याच्या फॉर्मावर काही कौशल्य असेल त्याला जिनिंगमध्येच वरच्या कामाची चाचणी मिळणार होती. बाकीच्या बायांना शिवणवर्ग.

कौशल्याच्या रकान्यात एकशे पासष्ट ठिकाणी 'नाही' होतं. इतकी एकसारखी उत्तरं राजेश्रीला कधी पटत नसत.

समोर कासाबाई बसली होती. पालमकडची, मेंढरं विकून दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेली. काम सरकी झाडायचं.

"काय येतं तुम्हाला?"

मुकादम लिंबाजी मध्येच बोलला. "न्हाई म्हणून लिवा, म्याडम. झाडू येतो म्हणावं तर कोपरे तसेच ऱ्हातेत."

"मला तोंड हाय की," कासाबाई म्हणाली आणि पदरावरची सरकी झटकू लागली.

राजेश्रीनं लिंबाजीला चहा सांगायला पाठवलं आणि प्रश्न बदलला. "बाया तुमच्याकडं काय विचारायला येतात?"

"ते व्हय? कापूस दाखवायला येतेत." कासाबाईनं ढिगातली चिमूट घेतली, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढली, तंतू जुळवून पुन्हा ओढली. "ह्यो आखूड. खालचा लय चांगला हाय, पण पाणी मारून आणलाय. लोकरीचं बी आमी असंच बगतो."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"येतं का म्हणून इचारलं तुमी. ह्याला काय यायचंय? हात लावला की कळतंय."

राजेश्रीनं फॉर्म मिटला. एकट्या कासाबाईचा रकाना बदलला तर ती मेहेरबानी झाली असती, पाहणी नव्हे. आणि न बदलावा, तर ही बाई शिवणवर्गाला जाणार. तिनं परभणीला पाहणीचे प्रमुख सिद्धोधन सरांना फोन लावला.

"एका बाईसाठी सगळं पुन्हा?"

"प्रश्नच चुकलाय, सर. आणि उत्तरं मुकादमानं दिलीत."

"सोमवार हलणार नाही, बघा."

तीन दिवस ती कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फिरली. जुनं उत्तर खोडलं नाही, नवं शेजारी लिहिलं. रविवारपर्यंत एकशे वीस जण झाले. त्यातल्या एक्केचाळिसांना 'नाही'च्या जागी काहीतरी होतं: तुटलेला पट्टा जोडणं, कापसाची गठाण बांधणं, आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणं.

बैठकीत तिनं दोन्ही आकडे मांडले. पंचावन्न जणांना विचारायचं राहिलं, हेही सांगितलं. एक्केचाळिसांना चाचणी मंजूर झाली. राहिलेल्या पंचावन्न जणांना विचारायला आठवड्याची मुदत.

कासाबाईची चाचणी गुरुवारी होती. कापसाची प्रत ठरवणारे माणिकराव ढिगांपुढं उभे होते.

"तुमची चाचणी कुणी घेतली व्हती?" कासाबाईनं त्यांना विचारलं.

"माझी?" माणिकराव हसले. "कोणीच न्हाई, बाई."

दहापैकी आठ ढिगांवर दोघांचं एकमत झालं आणि माणिकरावांनी तिचं नाव प्रतीच्या कामावर लिहून घेतलं. राहिलेल्या दोन ढिगांवरून त्यांची हुज्जत चालूच होती, तेव्हा राजेश्री कोरे फॉर्म घेऊन त्या पंचावन्न जणांकडं निघाली.