खड्याशेजारची अंगठी

मित्रांनो, मी लग्नाची एक जुनी अंगठी आहे. मी पुरती गोल नाही. एका बाजूला मला बाक आहे. बघणाऱ्याला वाटतं, ही कुठेतरी दारात चेंगरली असावी. तसं नाही. मला मुद्दाम वाकवून घडवलं.

माझी मालकीण शिवणकाम करायची आणि तिचा नवरा छापखान्यात होता. साखरपुड्याला तिच्या बोटात आली ती त्याच्या आईची अंगठी. तिच्या उंच, कडांनी पसरलेल्या कोंदणात मोठा निळा खडा होता. आई तेव्हा हयात नव्हती. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने ती अंगठी जिवापाड जपली होती.

लग्नाची अंगठी निवडायला तिघं सोनाराकडे आली. सोनाराने एकेक साधी अंगठी त्या कोंदणाला लावून पाहिली, पण एकही नीट बसेना. मध्ये फट राहायची. मालकिणीने हळूच विचारलं, की तोच खडा लहान, बसक्या कोंदणात बसवता येईल का, कारण एवढा उंच खडा कापडात अडकतो. सोनार म्हणाला, सहज येईल, मग दोन्ही अंगठ्या सख्ख्या बहिणींसारख्या शेजारी बसतील.

नणंदेचा चेहरा उतरला.

"आईने घातली तशीच राहिली, तर बरं वाटेल मला," ती म्हणाली.

सोनाराने नवऱ्याकडे पाहिलं.

"ताई म्हणेल तसं," तो म्हणाला.

मग सोनाराने मालकिणीकडे पाहिलं.

"माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली.

झालं. जुनीला हात लावायचा नाही, नवीनेच वाकायचं, असं ठरलं आणि माझा जन्म झाला. दोघी एकमेकींना घासतील, तेव्हा अधूनमधून दाखवून जा, असं सोनाराने बजावलं होतं. लग्नाच्या धांदलीत ते हवेतच विरलं.

सुरुवातीला आमचं फार कौतुक झालं. बायका मालकिणीचा हात हातात घेऊन बघायच्या. ती मात्र रेशीम शिवायला घेतलं, की खडा तळव्याकडे फिरवायची. जुन्या अंगठीबरोबर मीही फिरायचे. अशा फिरण्याने मी झिजत गेले आणि खडा धरणाऱ्या बारीक नख्याही झिजल्या.

एका दुपारी अस्तर उसवताना तिचं बोटाकडे लक्ष गेलं. कोंदण रिकामं होतं. ती काम करायची त्या शिवणाच्या दुकानातल्या बायकांनी फरशी झाडली, चिंध्यांची पोती उलटी केली. नवरा छापखान्यातून आला तोही गुडघे टेकून शोधू लागला. खडा काही मिळाला नाही.

नणंद रागावली नाही. "असू दे," एवढंच म्हणाली, पण तिचं येणंजाणं कमी झालं. नवऱ्याने त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. मालकिणीने त्याचा एकच अर्थ घेतला, की त्याच्या आईची आठवण आपल्या हातून गेली. वर्षानुवर्षं ती आतल्या आत झुरली. रिकामी अंगठी कपाटात गेली आणि मी बोटात एकटी उरले.

नवरा आजारी पडला तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून शिवायची. एकदा त्याने तिचा हात धरला आणि माझ्या बाकावरून बोट फिरवलं.

"तो खडा मला कधीच नको होता," तो म्हणाला. "आई ती अंगठी घातलेल्या हातानेच मारायची. गालावर ओरखडा उठायचा. तुझ्या बोटात तो दिसला, की मी नजर वळवायचो."

तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"तेव्हा सोनाराकडे एक शब्द बोलायचा होता."

"ताईसमोर आईबद्दल कसं बोलणार? आणि तुला तो आवडला असेल, असं वाटलं."

"मलाही नको होता," ती म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली. टीप वाकडी गेली. ती उसवून तिने पुन्हा घातली, तीही वाकडी गेली.

तो त्या आजारातून उठला नाही.

नणंद भेटायला आली. मालकिणीच्या बोटात माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून तिने डोळ्यांना पदर लावला. आईचा खडा तरी भावाच्या शेवटापर्यंत राहायला हवा होता, म्हणाली. मालकिणीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्या म्हातारीकडे बघून ती नुसती उठली आणि चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी अंगठ्या निवडायला जाल. बोटाचं माप सोनार घेईल. मनातलं मात्र त्याला मोजता येत नाही. ते तिथेच, त्याच्या समोर, एकमेकांना सांगा.