आबांची गाठ

मी एक जुनी, तीन कोपऱ्यांची सुती शाल आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, पेटीत घडी होऊन निवांत पडलेली असेल. छे! निवांतपणा माझ्या नशिबातच नाही. जराशी झुळूक आली की आजही माझा एक तरी कोपरा उडतोच. मित्रांनो, जी शाल पुरी होण्याआधीच चार वेळा उसवली गेली, तिला स्वस्थ बसण्याची सवय कुठून लागणार?

माझा जन्म रेवदंड्याच्या खाडीकाठी, एका कोळीवाड्यात झाला. साल एकोणीसशे छप्पन्न. मला विणणारीचे नाव रंगू. तिचा नवरा मोरू दोन वर्षांपूर्वी होडी घेऊन दर्यात गेला, तो परत आला नाही. घरात दोघेच उरले, रंगू आणि तिचे सासरे धर्माजी. रंगू त्यांना आबा म्हणे. आबांनी होडीवर जाणे सोडले होते. ते ओट्यावर बसून दिवसभर जाळी विणत आणि लोकांची फाटकी जाळी सांधून देत. रंगू सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चौलपर्यंत फिरे आणि दुपारी तिथल्याच शिवणवर्गात जाऊन बसे.

वर्गात शिकवणाऱ्या चंद्राबाईंच्या यजमानांची बदली झाली होती. त्यांची जागा रिकामी होणार होती आणि अलिबागची परीक्षा जी पास होईल तिला ती मिळणार होती. रंगूला ती जागा हवीच होती. मुंबईला गिरणीत असलेल्या तिच्या भावाने, सदूने, पत्र पाठवले होते, ‘पाडवा झाला की तुला न्यायला येतो. एकट्या बाईने तिथे राहून काय करायचे?’ रंगू गेली की आबा एकटे पडणार. आबा तोंडाने काही बोलत नसत. पण ते पत्र आल्यापासून त्यांच्या जाळ्याची घरे लहानमोठी होऊ लागली होती.

परीक्षेला प्रत्येकीने स्वतःच्या हाताने विणलेली एक वस्तू न्यायची होती. चंद्राबाईंनी रंगूसाठी मला निवडले. त्या म्हणाल्या, “सोपं कर, पण नेटकं कर. दोरा पातळ घे आणि सुया जाड घे. तीन टाक्यांनी सुरुवात कर. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढव आणि बाकी सगळे सुलट. आणि हे बघ, त्रिकोणाचं एक बरं असतं. कुठेही थांबलीस तरी तो त्रिकोणच राहतो.”

फाल्गुनात आमच्याकडे सकाळी गारवा असतो आणि दहा वाजले की घाम फुटतो. अशा दिवसांसाठी मी अगदी साजेशी. जाड सुयांमुळे टाके मोकळे पडतात, त्यातून वारा खेळतो. खांद्यावर आहे की नाही हेसुद्धा विसरायला होते. सुया मात्र बाजारातल्या नव्हत्या. आबांनी पोफळीच्या लाकडाच्या दोन सुया तासल्या, काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केल्या आणि खोबरेल चोळून रंगूच्या हातात दिल्या.

पहिल्यांदा मी वीतभर झाले तेव्हा आबांनी मला उचलून पाहिले. कोळी कमरेला तीन कोनी रुमाल बांधतात, तो तुम्ही पाहिला असेल.

“अगो, ह्यो तं आमचा रुमाल!” आबा म्हणाले. “येवढा शिकून तू रुमालच इनतेस व्हय?”

शेजारच्या बायका पोट धरधरून हसल्या. रंगूही हसली. पण हसता हसता तिला माझ्यात एक सैल टाका दिसला. झाले! तिने सर्रकन सुई ओढली आणि मला मुळापासून उसवून टाकले.

मित्रांनो, उसवले जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला कसे सांगू? आत्ता आत्ता मला आकार आला होता, आणि क्षणात मी वाकड्यातिकड्या दोऱ्याचा ढीग झाले. पुन्हा दोऱ्याचा गुंडा, पुन्हा तीन टाके. असे एकदा नाही, चार वेळा झाले. रंगूच्या हातांना चैन नव्हते. एक टाका घट्ट वाटला, उसव. कडेला जरा लाट आली, उसव. मला तिचा रागही येई आणि कीवही येई. सदू न्यायला येण्याचे दिवस ती बोटांवर मोजत असे आणि तीच बोटे मला विणत असत, मग टाके एकसारखे कसे पडणार?

एकदा आबा म्हणाले, “पोरी, दर्याची येक लाट तरी दुसरीसारकी असते का?”

“परीक्षेत दर्या न्हाय आबा, बाई हाय,” रंगू म्हणाली आणि उसवतच राहिली.

पाचव्या खेपेला मी भराभर वाढले. परीक्षेला चार दिवस उरले होते आणि मी रंगूच्या दोन्ही खांद्यांवरून खाली येण्याइतकी मोठी झाले होते. त्या दिवशी सकाळी ती मला ओट्यावरच्या टोपलीत ठेवून मासळी विकायला गेली. आता कोळ्याच्या घरातली शाल म्हणजे तिला बोंबलाचा वास येणारच. घरची मांजर आली, मला हुंगले, पंजा मारला आणि नखात अडकलेला दोरा सोडवण्यासाठी असा हिसका दिला की माझा एक धागा तटकन तुटला. तोही कडेला नाही, माझ्या अंगात, सुईपासून बऱ्याच ओळी खाली.

आबा धावत आले. त्या भोकाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. रंगूने हे पाहिले तर ती मला मुळापासून उसवणार आणि मग चार दिवसांत काही पुरे होणार नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. सुटलेले टाके गोळा केले आणि तुटलेली दोन टोके जुळवून त्यांना येत होती ती एकच गाठ मारली. जाळ्याची गाठ! चार हात लांबीच्या माशाच्या धडपडीलाही ती दाद देत नाही. मग मांजरीला पिटाळून त्यांनी मला होते तसे टोपलीत ठेवले आणि पुन्हा जाळे विणायला घेतले. रंगू परत आली तेव्हा मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण शालीला कुठे तोंड असते?

परीक्षेच्या दिवशी आबा हट्टाने रंगूबरोबर अलिबागला आले आणि बाहेर पडवीत बसून राहिले. परीक्षक बाईंनी मला टेबलावर पसरले. त्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या. त्यांचे बोट थांबले.

“ही गाठ कसली?”

रंगू वाकली. आयुष्यभर तिने ती गाठ पाहिली होती. ती पाहताच कुणाची हे तिला कळले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. ‘माझीच’ म्हणाली असती तर थोडे गुण जाऊन प्रकरण मिटले असते. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण!

“माज्या सासऱ्यांची हाय,” ती म्हणाली.

“म्हणजे दुसऱ्याचा हात लागला. मग ही शाल मला परीक्षेसाठी धरता येणार नाही.”

आबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात जोडले. “बाई, चूक माजी. मांजरीनं दोरा तोडला. पोरीला सांगितला असता तं तिनं समदी उसवली असती. ती हितंच ऱ्हावी म्हनून मी केला, आन मीच तिला घालवली.”

आबांच्या तोंडून ‘ऱ्हावी’ हा शब्द रंगूने पहिल्यांदाच ऐकला. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग बाईंकडे वळून म्हणाली, “बाई, गाठीपर्यंत उसवते. तुमच्यासमोर परत इनते. चालंल?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. “तीन वाजेपर्यंत.”

पुन्हा उसवणे! माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या ओळी सर्वांत लांब, सर्वांत कष्टाच्या, त्याच जाणार होत्या. पण या वेळी रंगूचे हात घाई करत नव्हते. ओळीमागून ओळ गेली, आणि दोरा गाठीशी येऊन अडला. तिने तिथेच टाके सुईवर उचलले आणि विणायला घेतले. सुयांची टकटक सोडली तर खोलीत आवाज नव्हता. सहा ओळी झाल्या. तीनला पाच मिनिटे असताना तिने टाके बंद केले. मी पहिल्यापेक्षा बरीच लहान झाले होते, पण पुरी झाले होते. गाठ माझ्या कडेजवळ उघडी दिसत होती.

बाईंनी ती नखाने ओढून पाहिली. “हिचं काय?”

“ती सुटत न्हाय, आन मला सोडवायची बी न्हाय. लिवा तुमी, गाठ सासऱ्यांची, बाकीची माजी.”

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर तसेच लिहिले. रंगू तिसऱ्या श्रेणीत पास झाली आणि चंद्राबाईंची जागा तिला मिळाली. पाडव्यानंतर सदू आला, जेवून एक दिवस राहिला आणि एकटाच परत गेला.

मी आबांच्या गळ्यात गेले. खांद्यांना मी आता पुरत नव्हते, पण गळ्याला बरोबर बसत होते. “कमरेचा रुमाल गल्यात आला!” असे ते सगळ्यांना सांगत. सात फाल्गुन मी त्यांच्या गळ्यात काढले, होळीभोवती त्यांच्याबरोबर नाचलेसुद्धा. आठव्या फाल्गुनाला आबा नव्हते.

रंगूने मला ट्रंकेत तळाशी ठेवले. तिला माझ्याकडे बघवत नव्हते, हे मी समजू शकते. पण दोन वर्षे! खाऱ्या दमट हवेने मला डाग पडले, कसरीने कडा खाल्ल्या. अंधारात मी तळमळत होते. मला कुणाच्या तरी गळ्यात, हातात, वाऱ्यावर जायचे होते.

मग एके दिवशी वर्गातली कोकिळा नावाची मुलगी आपली शाल तिसऱ्यांदा उसवून रडत बसली. रंगू घरी आली, तिने ट्रंक उघडली आणि दुसऱ्या दिवशी मला त्या मुलीच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, “हिच्यात एक चूक हाय. हुडक.” कोकिळाला गाठ सापडली. ती तिने दाताने सोडवून पाहिली, सुटली नाही. तेव्हा ती हसली आणि तिने सुया उचलल्या.

तेव्हापासून मी वर्गातल्या खुंटीवर असते. पोरी मला ओढतात, ताणतात. आता मी फार विरले आहे. म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्या घरी कुणाच्या हातची अशी जुनी वस्तू असेल तर तिला अंधारात कोंडू नका. आणि माझा सगळा दोरा झिजून गेला, खुंटीखाली झाडताना कुणाला नुसती एक गाठ सापडली, तर ती कचऱ्यात टाकू नका. रंगूच्या हातात नेऊन द्या.