सव्वीस इंचांवरची चित्रं

गावातल्या गॅलरीत चित्रं एका ओळीत टांगत नसत. ज्याने चित्र काढलं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर त्याचं चित्र, असा नियम होता. तो नियम सुताराने केला होता, तोही वैतागून. बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच प्रदर्शनाच्या वेळी, ड्रॉइंग मास्तर म्हणत होते चित्रं खाली घ्या, उंच नर्स म्हणत होती वर घ्या, आणि शिडीवर हातोडा धरून उभ्या असलेल्या सुताराने दोघांचं अर्धा तास ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की तुम्ही डोंगर ज्या उंचीवरून पाहिलात, तिथूनच लोकांनाही पाहू द्या, आणि मला आता जेवायला जाऊ द्या. मास्तरांना त्यात तत्त्वज्ञान दिसलं. सुताराला जेवण दिसत होतं. पण नियम झाला तो झाला.

गॅलरी म्हणजे रस्ता खात्याचं बर्फाची फावडी ठेवायचं जुनं गोदाम. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी सगळे कलाकार नुसत्या मोज्यांवर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहत. सुतार त्यांच्या डोळ्यांपाशी पेन्सिलीची खूण करी आणि वहीत आकडा लिही. नर्सचे डोळे सहासष्ट इंचांवर. मास्तरांचे पूर्वी एकसष्टवर होते, पण पाच वर्षांत ते दीड इंच आखडले होते आणि ते मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. यंदा ते तीन जोड मोजे चढवून आले. सुताराने मोज्यांचं माप वजा केलं. भिंत दरवर्षी वेड्यावाकड्या दातांसारखी दिसे. विषय मात्र निसर्गच. डोंगरातल्या गावात दुसरं काय काढणार, पळसाला पानं तीनच. मास्तर शिखर काढत, नर्स नेचे काढी, बाकीचे ढग काढत, कारण ढग चुकले तरी कुणाला कळत नाही.

यंदा वहीत एक नाव वाढलं होतं आणि त्यापुढची जागा कोरी होती. ते नाव सुताराच्या बायकोचं.

ती चार वर्षं पलंगावर होती. दारापुढच्या पायरीवर बर्फावरून घसरली, कणा गेला. ती पुन्हा उभी राहील का, असं सुताराने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टरांनी हा शब्द एकदाच वापरला. सुताराने तो चार वर्षं पुरवून पुरवून वापरला. बायकोचं म्हणणं एकच होतं. पलंग फूटभर उंच करा, म्हणजे मला खिडकीतून आभाळ, वळचण आणि झाडाच्या फांद्यांखेरीज काहीतरी दिसेल. रोज तिला कुशीवर वळवायला येणारी नर्सही तेच सांगे, कारण वाकून वाकून तिचीही पाठ धरली होती. सुताराला तर हे तासाभराचं काम. पण तो म्हणे, पलंग उंच केला तर तू उठशील तेव्हा तुझे पाय जमिनीला टेकणार नाहीत. यावर दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत. माणूस मुद्दाम दुष्टपणा करत असता तर भांडता आलं असतं.

बायको पूर्वी शिवणकाम करायची. निम्म्या गावाच्या कमरा तिला तोंडपाठ होत्या. पडून राहायचा कंटाळा आला तेव्हा तिने रंग मागवले. सुताराने छताला दोरी आणि कप्पी लावून तिच्या तोंडावर एक फळी टांगून दिली, अर्थात तात्पुरती. ती काय काढते हे मात्र तिने त्याला दाखवलं नाही. प्रदर्शनात बघा सगळ्यांसारखं, म्हणाली. पूर्ण झालेली चित्रं नर्स चादरीत गुंडाळून घेऊन जाई.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुताराने ती पाच चित्रं टांगली. छप्पन्न इंचांवर. बायको उभी असताना तिचे डोळे छप्पन्नवर येत, हे त्याला पाठ होतं. स्वयंपाकघरातली फळी त्याने लग्नानंतर त्याच मापाने ठोकली होती. वहीत आकडा लिहिताना त्याचा हात जराही थांबला नाही, उलट त्याला बरंच वाटलं. निदान भिंतीवर तरी ती उभी होती.

चित्रं त्याला फारशी कळली नाहीत. दोन चित्रांत हिरवी पानं होती, पण त्यांच्या शिरा नको तेवढ्या ठळक. एकात पाकोळीचं घरटं, एकात पांढरट पोट असलेला कुठलासा पक्षी. पाचवं त्यातल्या त्यात सरळ होतं: एक करडा, पुढे आलेला कडा. बायकोने चित्रांना नावं दिली नव्हती म्हणून मास्तरांनी स्वतःच चिठ्ठ्या लिहिल्या. पाचव्याखाली त्यांनी लिहिलं, ‘उत्तरेचा कडा, दोन गुहा आणि एकाकी झाड’. कड्याच्या कडेने सुकलेलं खुरटं गवत होतं, ते मास्तरांना फार आवडलं. असा पोत मला चाळीस वर्षांत जमला नाही, असं ते म्हणाले, आणि ते त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण त्या दिवशी ते चहा न घेताच घरी गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, किती इंचांवर लावलीत?

सुताराने खिडकीबाहेर बघत सांगितलं, बरोबर मापावर.

“आकडा सांगा.”

“छप्पन्न.”

शिवणकाम करणाऱ्या बाईला खोटं माप देऊन कुणाचं भलं झालेलं नाही, हे सुताराला ठाऊक होतं, तरी उशीर झाला होता.

“छप्पन्नवरून बघणारी बाई आता या घरात नाही,” ती म्हणाली. “तिने चित्रं काढली नाहीत. मी काढलीत. माझं माप घ्या.”

तो म्हणाला, आता कुठे टेप शोधू. ती म्हणाली, एक तुमच्या खिशात आहे आणि एक माझ्या उशाशी. तेव्हा त्याने टेप काढला, जमिनीला टेकवला आणि तिच्या डोळ्यांपर्यंत ओढला. सव्वीस. त्याने दोनदा मोजलं, जणू दुसऱ्यांदा काही वाढणार होतं. एवढ्याशा आकड्याची त्याला भीती वाटली.

सकाळी लवकर जाऊन त्याने पाचही चित्रं खाली आणली. वहीतलं छप्पन्न खोडून सव्वीस लिहिलं. मास्तर आले आणि हबकले. चित्रं पडलीत का, असं त्यांनी विचारलं. सुतार म्हणाला, माप आहे. मास्तर म्हणाले की आपला नियम उभ्या माणसांसाठी आहे. सुतार म्हणाला, तसं लिहिलेलं नाही. यावर मास्तरांना नियमावली आठवावी लागली आणि अशी काही नियमावलीच नाही हेही आठवलं. नर्सने दवाखान्यातली जुनी चटई आणून त्या भिंतीपुढे अंथरली.

दहाला लोक आले. उभ्याने बघणाऱ्यांना तिथे फक्त चौकटींच्या वरच्या कडा दिसत, तेव्हा ते पुढे सरकत. मग पोस्टातली बाई चटईवर बसली, आणखी खाली वाकली, आणि शेवटी आडवी झाली. ती बराच वेळ उठेना, म्हणून लोक तिच्याभोवती जमले. ती म्हणाली, पानं खालून आहेत. सगळं खालून आहे. मग एकेकजण आडवा होऊ लागला. मास्तरही झोपले. झोपल्यावर ते म्हणाले की प्रकाश पानातून आरपार येतोय, हे उभ्याने दिसलंच नव्हतं. नंतर त्यांना उठता येईना, तेव्हा नर्सने त्यांना रोजच्या सवयीने काखेत धरून उचललं.

चटई रिकामी झाल्यावर सुतार झोपला. पानं पाहिली, घरटं पाहिलं, पक्ष्याचं पोट पाहिलं. मग त्याने मान पाचव्या चित्राकडे वळवली.

तो कडा नव्हता. ती हनुवटी होती. गुहा म्हणजे नाकपुड्या. सुकलेलं गवत म्हणजे दोन दिवसांची दाढी, आणि मास्तरांचं एकाकी झाड म्हणजे कानावर खोचलेली पेन्सिल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. सगळ्या गावाने उत्तरेचे कडे आठवून पाहिले होते आणि ज्याचं थोबाड होतं त्याने ते स्वतःच्या हाताने टांगलं होतं. सुताराला आधी हसू आलं. मग त्याला दिसलं की या चेहऱ्याला डोळे नाहीत. ते काढायला ती विसरली नव्हती. पलंगापाशी उभं राहून, खिडकीबाहेर बघत बोलणाऱ्या माणसाचे डोळे खालून दिसतच नाहीत. चार वर्षं तो तिला तू उठशील तेव्हा, तू उठशील तेव्हा असं सांगत आला होता, आणि सांगताना एकदाही त्याने खाली पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याला भयंकर लाज वाटली. शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींनी त्याला विचारलं, काका, झालं का तुमचं? तो उठला.

तो गॅलरीतून तडक वखारीत गेला, दोन-दोन इंच जाडीचे चोवीस ठोकळे कापले, गाडीचा जॅक घेतला आणि घरी आला. बायको जागीच होती. या खेपेला तो खाली बसला. तिच्या तोंडासमोर तोंड येईपर्यंत वाकला.

“तू उठणार नाहीस,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली.

“नाकपुड्या एवढ्या मोठ्या आहेत माझ्या?”

“मी लहानच काढल्यात.”

मग तो कामाला लागला. एकेक कोपरा जॅकने उचलायचा, पायाखाली ठोकळा सरकवायचा, पुढच्या कोपऱ्याकडे जायचं. ती पलंगावरच झोपलेली होती आणि कुठला कोपरा खाली राहिलाय ते सांगत होती. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा पलंग बरोबर फूटभर वर आला होता. सुताराने ठोकळे दोरीने तात्पुरते बांधले नाहीत. लांब स्क्रूने एकमेकांत आणि पलंगाच्या पायांत घट्ट आवळले. नंतर उशी वर घेऊन तिचं डोकं खिडकीकडे वळवलं.

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. रस्ता, वळण, शेजारच्यांचं पत्र्याचं छप्पर. मग तिची नजर कुंपणापाशी आली.

“माझे गुलाब कुठेत?”

सुतार पलंगाशी गुडघ्यांवर बसून स्क्रू-ड्रायव्हर पुसू लागला. “वाळले. पहिल्याच उन्हाळ्यात.”

“बोलला नाहीत.”

“तू उठायच्या आत नवे लावणार होतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि आता तो कुठेही दुसरीकडे बघू शकत नव्हता, कारण दोघांचे चेहरे समोरासमोर होते. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

“मग आता लावा,” ती म्हणाली. “रांग वाकडी आली तर इथून सांगते.”

सुतार अंगणात गेला, टेप काढला आणि पहिल्या खड्ड्याची जागा मोजून खिडकीकडे पाहिलं. ती म्हणाली, अजून डावीकडे.